वित्तशाखेच्या पदवीनंतर पुढे कोणते शिक्षण?

(कल्याण येथे पदवीधर विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात आज महाविद्यालयांची वाण नाही. ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालय, डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, ही नावे येथील प्रत्येक घराच्या परिचयाची आहेत. ह्या महाविद्यालयांतून दरसाल वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. कोणाची पदवी साधी बी. कॉम.ची असते, कोणाची अकाउंटिंग अँड फायनान्सची, कोणाची बँकिंग अँड इन्शुरन्सची, तर कोणाची फायनान्शियल मार्केट्सची. ह्या पदवीधरांत आता आपलीही मुलेमुली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु निकालाचे पेढे वाटून झाले की दुसऱ्याच दिवशी घरात एक प्रश्न उभा राहतो. बाप म्हणतो, ‘आता नोकरी धर.’ मुलगी म्हणते, ‘मला पुढे शिकावयाचे आहे.’ आणि पुढे शिकावयाचे म्हणजे नेमके काय शिकावयाचे, हे ना बापाला ठाऊक असते, ना मुलीला. ह्या प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

ज्या घरात तीन पिढ्या वकील, डॉक्टर, हिशेबनीस झाले, त्या घरातील मुलाला हा प्रश्न पडत नाही. त्याचा मामा त्याला सांगतो, काका त्याला वाट दाखवितो. आपल्या घरांतील पुष्कळ मुले ही कुळातील पहिलीच पदवीधर आहेत. त्यांना सांगणारा मामा नाही. मग ती चौकातील क्लासच्या फलकावरून सल्ला घेतात, लोकलच्या डब्यात चिकटविलेल्या जाहिरातीवरून घेतात, अथवा एखादा मित्र जिकडे गेला तिकडे जातात. अशा रीतीने घेतलेला निर्णय चुकला तर दोन वर्षे आणि काही लाख रुपये जातात. श्रीमंताच्या मुलाची दोन वर्षे गेली तर त्याची फक्त दोन वर्षे जातात. आपल्या मुलाची दोन वर्षे गेली तर त्याच्या पाठच्या बहिणीचे शिक्षणही त्यांबरोबर जाते. म्हणून हा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ते आपल्या नित्य स्मरणातील आहे. परंतु ह्या दृष्टीने आपण त्याकडे क्वचितच पाहिले असेल. परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि त्यातही राज्याचा पैसा, म्हणजे सार्वजनिक वित्त, हा होता. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे प्राध्यापक सेलिग्मन ह्यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. ह्या पदव्या त्यांनी मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ सालचा, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ सालचा. त्याच १९२५ साली चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली.

ह्या इतिहासातून तीन गोष्टी आपणांस शिकता येतात.

पहिली गोष्ट अशी की, विषयाची निवड त्यांनी प्रयोजन पाहून केली. सरकार कर कोणाकडून घेते, खर्च कोणावर करते आणि रुपयाची किंमत ठरविताना कोणाचे नुकसान होते, हे ज्याला कळत नाही त्याला राज्यकारभारही कळत नाही. खजिन्याच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येते, त्याच्या मागणीला वजन येते.

दुसरी गोष्ट अशी की, त्यांचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. १९१८ ते १९२० ह्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकाची नोकरी केली, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साह्य घेतले, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिक्षणात पडलेला खंड म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे, हे ह्याहून अधिक स्पष्ट कोणी दाखवावे?

तिसरी गोष्ट कडू आहे. परदेशातून आल्यावर शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचे काम त्यांनी मुंबईत सुरू केले होते. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि ते काम बंद पडले. ज्ञान कमी पडले नव्हते. समोरच्या माणसाची दृष्टी कमी पडली होती. आज तो काळ तसाच राहिलेला नाही, पण अजिबात पालटला असेही म्हणवत नाही. म्हणून आपल्या मुलांनी असे शिक्षण निवडावे की, ज्याची कसोटी उघड परीक्षेत लागते, ज्याचा परवाना कायद्याने मिळतो आणि ज्याची किंमत कोणाच्या मर्जीवर किंवा ओळखीवर अवलंबून राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘कोणती पदवी मोठी?’ असा प्रश्न करू नका. ‘कोणते काम करीत मला आयुष्य काढावयाचे आहे, आणि त्या कामाला कोणते शिक्षण लागते?’ असा करा. वित्तशाखेच्या पदवीधराला आज मुख्यतः पाच वाटा मोकळ्या आहेत. त्या एकेक पाहू.

पहिली वाट हिशेब व हिशेबतपासणीची. सनदी लेखापालाचा, म्हणजे सी. ए.चा, व्यवसाय १९४९ च्या कायद्याने चालतो. बारावीनंतर जो ह्या वाटेला लागतो त्याला आधी फाउंडेशन ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. परंतु वाणिज्य शाखेच्या पदवीत ५५ टक्के गुण असले तर ती माफ होते आणि विद्यार्थी थेट मधल्या, म्हणजे इंटरमीजिएट, पायरीवर नाव नोंदवू शकतो. इतर शाखांच्या पदवीधरांना ह्यासाठी ६० टक्के लागतात. इंटरमीजिएटला सहा विषय आणि अंतिम परीक्षेला सहा. दर विषयात किमान ४० आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळवावे लागतात. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत प्रत्यक्ष उमेदवारी, म्हणजे आर्टिकलशिप, तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ह्या उमेदवारीत थोडे विद्यावेतन मिळते. ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला ह्या संस्थेच्या शाखा आहेत, तेव्हा चौकशीसाठी मुंबई गाठण्याचेही कारण नाही.

सी. ए.ची वाट एम. बी. ए.च्या मानाने कमी खर्चाची आहे; पण ती धीराची आहे. येथे राखीव जागा नाहीत, कारण जागाच मोजलेल्या नाहीत. जो उत्तीर्ण होईल तो सनदी लेखापाल. पहिल्या प्रयत्नात अपयश येणे ही येथे नित्याची गोष्ट आहे, आणि ते मुलाच्या बुद्धीचे माप नव्हे. आईबापांनी हे आधीच समजून घेतले पाहिजे. ‘शेजाऱ्याचा मुलगा कमावू लागला, तू अजून परीक्षाच देतोस’ असे शब्द ज्या घरात ऐकू येतात, त्या घरातील मूल ही वाट अर्ध्यावर सोडते. ह्याच जातीची दुसरी वाट परिव्यय लेखापालाची, म्हणजे सी. एम. ए.ची, तिला १९५९ च्या कायद्याचा आधार आहे. कारखान्यात मालाचा उत्पादनखर्च कसा बसतो ह्याचे ते शास्त्र. कंपनी सचिवाचा, म्हणजे सी. एस.चा, व्यवसाय १९८० च्या कायद्याने चालतो. ज्याला कायद्याच्या कलमांत रस आहे त्याने तिकडे पाहावे.

दुसरी वाट व्यवस्थापनशास्त्राची, म्हणजे एम. बी. ए. अथवा एम. एम. एस.ची. सर्वांत अधिक गर्दी इकडेच आहे आणि सर्वांत अधिक फसगतही इकडेच होते. कारण पदवीचे नाव सर्वत्र एकच, पण संस्थांत जमीनअस्मानाचे अंतर. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची आहे. पवईजवळची ‘निटी’ ही संस्था २०२३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई म्हणून ओळखली जाते. अशा संस्थांतून बाहेर पडणाऱ्याला कंपन्या शोधत येतात. उलट, कित्येक खाजगी संस्था अशा आहेत की, तेथे दोन वर्षे घालवून आणि काही लाख फी भरून विद्यार्थ्याला तीच नोकरी मिळते, जी त्याला बी. कॉम.वर मिळाली असती. म्हणून नियम असा ठेवावा: कॅट किंवा राज्याची सी. ई. टी. ह्या परीक्षांची तयारी नेटाने करावी, केंद्र सरकारच्या व्यवस्थापन संस्थांत अनुसूचित जातींसाठी असलेल्या १५ टक्के राखीव जागांचा हक्क बजावावा, आणि चांगली संस्था मिळाली तरच जावे. न मिळाल्यास एक वर्ष नोकरी करून पुन्हा परीक्षा द्यावी. कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तेथून गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या चार मुलांना स्वतः गाठून विचारावे की, बाबांनो, काय काम करता आणि काय पगार मिळतो? माहितीपुस्तिकेतील सर्वांत मोठा पगार एकाच मुलाचा असतो; मधल्या मुलाला काय मिळाले हे विचारा.

तिसरी वाट अर्थशास्त्राची. ही वाट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ सालचा आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केली. ठाण्याहून ही तिसरी संस्था काही दूर नाही. परंतु आपल्या वस्तीतील किती मुलांनी तिचे नाव ऐकले आहे? येथे जावयाचे तर गणित आणि संख्याशास्त्र पक्के हवे. बी. कॉम.ला ते पुरेसे होत नाही. म्हणून ज्याला इकडे जाण्याची इच्छा आहे त्याने पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच गणिताला हात घालावा. भारतीय आर्थिक सेवा ही १९६१ सालची केंद्रीय सेवा आहे. तिच्या परीक्षेला बसण्यास अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते, बी. कॉम. अथवा एम. बी. ए. चालत नाही. अंदाजपत्रके ज्या टेबलांवर तयार होतात त्या टेबलांपर्यंत नेणारी ही एक वाट आहे.

चौथी वाट कायद्याची. पदवीनंतर तीन वर्षांचा एल्‌एल. बी. अभ्यासक्रम करता येतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे आहे, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ सालचे आहे, आणि ठाण्यातही विधी महाविद्यालय आहे. हिशेब समजणारा वकील दुर्मिळ असतो. कर, दिवाळखोरी, बँकेची वसुली, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी ह्या प्रकरणांत असा वकील लागतो. कारखाना बंद पडल्यावर कामगारांची देणी कशी अडकून राहतात हे येथील लोकांना सांगावयास नको, मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हापासून ती कथा कल्याणला माहीत आहे. ताळेबंद वाचता येणारा वकील अशा वेळी आपल्या वस्तीत असणे म्हणजे केवढा आधार!

पाचवी वाट सरकारी व बँकांच्या परीक्षांची. रिझर्व्ह बँकेच्या ‘ब’ श्रेणी अधिकाऱ्याच्या परीक्षेस सर्वसाधारण उमेदवाराला पदवीत ६० टक्के लागतात; अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ५० टक्के पुरतात. राज्य लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत, आणि केंद्रीय आयोगामार्फत भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत जाता येते. ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, आणि पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत अनुसूचित जातीच्या उमेदवारांना स्पर्धापरीक्षांचे प्रशिक्षण मिळते. मात्र एक इशारा देतो. ही वाट मर्यादा घालून चालावी. ‘तीन प्रयत्न, किंवा वयाची सत्तावीस वर्षे’ अशी काही तरी सीमा घरात बसून आधीच ठरवावी आणि तिच्या जोडीला एखादी पदव्युत्तर पदवी अथवा नोकरी चालू ठेवावी. नुसत्या परीक्षा देत तिशी गाठलेले हुशार तरुण आपल्याच वस्त्यांत आहेत. त्यांची निराशा पाहवत नाही.

आता पैशाकडे येऊ. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी शालान्त परीक्षेनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क परत देण्याची राज्याची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करावयाचे असतात. येथे एक अट लक्षात ठेवा, कारण तिच्या अज्ञानामुळे कुटुंबे कर्जात बुडाली आहेत: व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत मिळत नाही. ‘आज पैसे भरा, जागा पक्की करा, शिष्यवृत्ती मागाहून येईल’ असे जो कोणी सांगेल, त्याच्याकडून ते लेखी मागा. तो देणार नाही.

स्वाधार योजना वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. घर सोडून दुसऱ्या शहरी शिकणाऱ्याला तिचा उपयोग होतो. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना दिली जाते, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. ज्या माणसाचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या आधाराने पुढे गेले, त्याच्या लेकरांनी शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यास लाजू नये. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

कर्ज काढावयाचे असल्यास आधी गणित करा. बँकांत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास स्थावराचे तारण लागत नाही. पण तारण लागत नाही म्हणजे परतफेड लागत नाही, असे नव्हे. समजा, सहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि ते सात वर्षांत फेडावयाचे ठरले. दरमहाचा हप्ता सुमारे ९,९६० रुपये बसतो. सात वर्षांत एकूण सुमारे ८ लाख ३७ हजार रुपये परत जातात, म्हणजे २ लाख ३७ हजार केवळ व्याजाचे. अभ्यासाच्या काळातील व्याज निराळेच. आता ज्या संस्थेत जावयाचे तेथून निघालेल्या मधल्या मुलाचा पगार जर पंचवीस हजार असेल, तर त्यातील दहा हजार हप्त्यात जातील. उरलेल्या पंधरात लोकलचा पास, घरखर्च आणि भावंडाची फी बसेल काय? बसत नसेल तर ते शिक्षण आपल्यासाठी नाही, मग त्याचे नाव कितीही झळझळीत असो. मुलांनो, तुम्ही वित्तशाखेचे पदवीधर आहात. हे गणित तुम्ही स्वतः कागदावर करून आईबापांपुढे ठेवा. तुमच्या पदवीचा पहिला उपयोग तुमच्या घरीच होऊ द्या.

नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली काही कुटुंबे येथे आहेत. त्यांच्या मनात एक भीती घातली जाते की, बौद्ध झालात, आता सवलती गेल्या. ह्याचा खुलासा केला पाहिजे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती हिंदू धर्मीयांपुरत्या धरल्या होत्या, काही शीख जातींचा अपवाद होता. १९५६ मध्ये इतर शिखांचा समावेश झाला. बौद्धांना महाराष्ट्र राज्याने १९६० पासून सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. दीक्षा घेतलेल्या पिढीने केंद्राच्या सवलतींवाचून चौतीस वर्षे काढली आणि तरीही मुलांना शिकविले. आज कायदा स्पष्ट आहे: अनुसूचित जातीची व्यक्ती बौद्ध झाल्याने तिचा हक्क जात नाही.

हक्क जात नाही. पण कागद चुकला तर तो हातीही येत नाही. केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ ह्या नावाची जात नाही. म्हणून केंद्रीय संस्था, बँका व आयोग ह्यांच्यासाठी मूळ अनुसूचित जात आणि धर्म बौद्ध, अशी दोन्ही नोंद असलेला विहित नमुन्यातील दाखला लागतो. महाराष्ट्रात हा दाखला मिळविताना १० ऑगस्ट १९५० रोजी आपले कुटुंब कोठे राहत होते ह्याचा पुरावा द्यावा लागतो. कल्याण-डोंबिवलीतील आपली बहुसंख्य घरे कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून अथवा विदर्भातून आलेली आहेत. त्यांना आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावच्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद मूळ गावी जाऊन काढावी लागते, आणि ज्या जिल्ह्याचा दाखला, त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जात पडताळणी करून घ्यावी लागते. हे काम आठ दिवसांत होत नाही. प्रवेशाची यादी लागल्यावर जो धावतो तो उशिरा पोचतो. मूल बारावीत असतानाच ही कागदपत्रे करून ठेवा. बाप कामावर जातो म्हणून वेळ नाही, असे म्हणू नका. एका दिवसाचा रोज बुडेल, पण मुलाचे वर्ष वाचेल.

शेवटी दोन शब्द त्या मुलांविषयी, ज्यांना घरची परिस्थिती पाहता आज नोकरी धरावीच लागेल. त्यांनी खाली मान घालण्याचे कारण नाही. ऐरोलीच्या, ठाण्याच्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कचेरीत नोकरी करीत असताना मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून अथवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून एम. कॉम. करता येते. नोकरी असलेल्या मुलाने पगाराचा ठराविक भाग पहिल्या तारखेसच बाजूला काढावा आणि ‘इतक्या महिन्यांनी मी पुन्हा शिकावयास जाणार’ असे वहीत लिहून ठेवावे. बाबासाहेबांनी सिडनहॅममध्ये तेच केले. नोकरी धरण्यात वाईट काही नाही; नोकरी धरल्यावर ती वही हरवणे वाईट.

आणि मुलींविषयी. मुलगा असेल तर सी. ए.साठी पाच वर्षे थांबावयाचे, आणि मुलगी असेल तर ‘पदवी झाली, आता स्थळ पाहू’, हा न्याय धम्माच्या घरात शोभत नाही. ज्या लग्नाच्या खर्चासाठी आपण कर्ज काढतो, त्याच्या निम्म्या रकमेत मुलीचे पुढील शिक्षण होते. मुलीला विचारा, तिचे उत्तर ऐका, आणि ती म्हणेल त्या वाटेचे गणित तिलाच करावयास सांगा.

आपल्या विहारांनी काय करावे, तेही सांगतो. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक तास ह्या कामाला द्यावा. वस्तीतील जो कोणी सी. ए. करीत असेल, बँकेत लागला असेल, एम. बी. ए. झाला असेल, त्याला बोलवावे आणि नव्या पदवीधरांना त्याच्यापुढे बसवावे. त्याने आपली फी, आपला पगार, आपला हप्ता आणि आपले अपयश उघडपणे सांगावे. ज्यांच्याकडे जुनी पुस्तके आहेत त्यांनी ती विहाराच्या कपाटात ठेवावी. दाखल्यांचे काम ज्याला अवगत आहे त्याने दोन घरांचे अर्ज भरून द्यावेत. आपल्या मुलांना मामा-काका नाहीत असे मी आरंभी म्हटले. विहारात बसलेले आपण सर्वच त्यांचे मामा-काका आहोत, अशा रीतीने वागावे.

राज्याच्या अंदाजपत्रकात अनुसूचित जातींच्या नावाने रक्कम मांडली जाते. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. ही रक्कम त्याच कामावर खर्च व्हावी म्हणून आंध्र प्रदेश व कर्नाटक ह्या राज्यांनी २०१३ मध्ये कायदेही केले. पण कायदा असो वा नसो, किती रक्कम मांडली, किती खर्च झाली आणि किती दुसरीकडे वळली, हे कोणी तरी आकडे लावून दाखवावे लागते. तो ‘कोणी तरी’ आपल्या घरातून निघाला पाहिजे. म्हणून मुलांनो, तुम्ही कोणती वाट निवडता हा केवळ तुमच्या पगाराचा प्रश्न नाही. तुमच्यापैकी एक जण हिशेब तपासणारा व्हावा, एक कायदा सांगणारा व्हावा, एक अंदाजपत्रक लिहिणारा व्हावा. येत्या रविवारी पदवीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि कागदावर केलेले खर्चाचे गणित घेऊन येथे या. आपण एकेकाचा विचार करू.

जय भीम.